सहावा स्क्रू

वेंकटरत्नम कँटीनच्या दारात छत्री झटकत उभा राहिला आणि सगळ्यांचे चमचे थांबले. तो हवामानाचा माणूस. त्या आठवड्यात अख्ख्या बेटावर त्याच्या तोंडाकडे जितकं बघितलं जायचं तितकं कुणाच्याच नाही. रविवारी उडायचं रॉकेट त्याच्या कागदामुळं सोमवारवर गेलं, सोमवारचं मंगळवारवर, आणि आज मंगळवार उजाडला तरी बाहेर पाऊस थांबत नव्हता.

"परवा," तो म्हणाला. "गुरुवारी सकाळी सहा ते अकरा. आभाळ मोकळं राहील. वरचा वाराही उतरेल."

टेबलांवरून एकदम गलका उठला. कुणी त्याच्यासाठी खुर्ची ओढली, कुणी त्याच्या बशीत आपला वडा टाकला. माझ्या शेजारी परशराम हुंदरे बसला होता. तो खानापूरचा, माझा कामातला जोडीदार. म्हणाला, "चार दिवस ह्याला कुणी पाणी विचारलं नाही. आता बघ, जावई झालाय."

मी हसलो.  वेंकटरत्नमनं पुढचंही सांगून टाकलं. शुक्रवारपासून समुद्रात दुसरा कमी दाबाचा पट्टा तयार होतोय, त्यामुळं गुरुवार हुकला तर मग आठ-दहा दिवस नाव घ्यायला नको. पण ते कुणी फारसं ऐकलं नाही. सगळ्यांना गुरुवार मिळाला होता.

ही गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची, नोव्हेंबरातली. मी आयटीआय झालेला फिटर. बंगळूरला उपग्रह जोडायचं काम करायचो, आणि उपग्रह तयार झाला की त्याच्याबरोबर आमची टोळी आंध्रच्या किनाऱ्यावरच्या त्या बेटावर जायची. तिथं तो रॉकेटच्या माथ्यावर बसवायचा, शेवटची कामं करायची, तो वर गेला की परत यायचं. एरवी हे तीन-चार आठवड्यांचं काम. पावसानं लांबलं की सगळे वैतागायचे. घरून फोन यायचे, मुलांच्या परीक्षा असायच्या, कुणाचं लग्न असायचं. त्या वर्षी सगळे पावसाला शिव्या देत होते. मी देत नव्हतो.

प्रमिलाला जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते. आम्हाला मूल नाही. क्वार्टरमध्ये बावीस वर्षं आम्ही दोघंच राहिलो. तेरावा इस्लामपूरला करून मी एकटा परत आलो, जिना चढलो आणि सवयीनं बेल वाजवली. वाजवून उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी दार उघडलं, तेव्हा खिशातून किल्ली काढली. त्यानंतर मी घरी फक्त झोपायला जायचो, तेही बाहेरच्या खोलीतल्या कोचावर. बाकी वेळ कामावर. वॉचमन किल्ल्या वाजवत आला की उठायचो.

आमच्या गटाच्या प्रमुख लीलाम्मा कुरियन. त्यांना मला बेटावर न्यायचं नव्हतं. त्यांचं बरोबर होतं. मी फार गळ घातली, तेव्हा त्यांनी एक अट घातली. आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत चालायचं, मी मराठीत लिहितोय.

"ढोबळे, तुमचं लक्ष नाही असं मला एकदा जरी दिसलं, तर त्याच दिवशी तुम्हाला बंगळूरला पाठवीन. मग सहा महिने घरी राहायचं. हत्याराला हात लावायचा नाही."

मी कबूल झालो. तिथं मला बरं वाटत होतं हे खरं. ऐंशी माणसांत जेवण-नाश्ता, दिवसभर काम, आणि खोलीत परशराम. तो घोरायचा. लोकांना त्याचा त्रास व्हायचा म्हणून त्याला कुणी जोडीला घेत नसे. मी मुद्दाम मागून घेतला होता. शेजारी कुणी घोरतंय हे मला हवंच होतं.

त्या मंगळवारी नाश्ता झाला आणि मी हात धुवायला गेलो. नळाखाली हात धरला आणि मनात हिशेब आला. गुरुवारी उडालं की शुक्रवारी आवराआवर. शनिवारी सकाळी मी क्वार्टरच्या जिन्यात. आणि लगेच, त्याच्या मागोमाग, दुसरी गोष्ट आली. सहावा स्क्रू मी घट्ट केला होता का?

ते काम काय होतं ते सांगायला हवं. उपग्रह रॉकेटच्या टोकाशी हीट शील्डच्या, म्हणजे वरच्या टोपीच्या, आत बंद असतो. शेवटची जोडणी करायला त्या शील्डला जेवणाच्या ताटाएवढी खिडकी असते. तिच्यातून हात आत घालून आम्ही एक प्लग बसवतो. तो बसला की उपग्रहाची बॅटरी कामाला लागते. प्लगवर झाकण येतं, झाकणाला आठ स्क्रू. प्रत्येक स्क्रू ठरलेल्या जोरानंच आवळायचा. त्यासाठीचा पाना असा असतो की तो जोर आला की आतून एक झटका देतो. आम्ही त्याला कट म्हणायचो. कोरड्या हवेचे पंखे इतके घोंघावत असतात की कट ऐकू येत नाही. तो मनगटाला लागतो. हात खिडकीच्या आत, त्यामुळं दुसऱ्या कुणाला काही दिसतही नाही. म्हणून पद्धत अशी, की एकानं यादी वाचायची, "एक", पाना धरणाऱ्यानं आवळायचं, कट लागला की म्हणायचं "झालं". मग वाचणारा खूण करणार आणि पुढचा आकडा म्हणणार. मागं तपासणीचा माणूस उभा. शेवटी तिघांच्या सह्या.

ते आम्ही शुक्रवारी केलं होतं. पाना माझ्या हातात, यादी परशरामच्या. आठही वेळा मी झालं म्हणालो होतो. आणि आता मला सहाव्याचा कट काही केल्या आठवेना.

दुपारपर्यंत मी तेच करत बसलो. खोलीत पलंगावर बसून उजवा हात पुढं करायचा, मनगट वळवायचं, एक, दोन, तीन. पाच आठवायचा. सातही आठवायचा, कारण सातवा कोपऱ्यात होता आणि तिथं हात अवघडतो. सहाव्याला माझा आवाज आठवत होता. झालं म्हणालेला. मनगट मात्र कोरं.

परशराम जेवून आला, तेव्हा त्याला सांगितलं. त्यानं आधी थट्टेवारी नेलं. चार दिवसांनी कुणाला स्क्रू आठवतात व्हय, मला काल काय खाल्लं ते आठवत नाही, म्हणाला. मी म्हणालो, पाचवा आठवतो. तो म्हणाला, थापा मारू नको. मग माझ्याकडं नीट बघितलं आणि समोरच्या पलंगावर बसला.

"तू झालं म्हणालास. मी खूण केली. तिघांच्या सह्या झाल्या. मग?"

"मी म्हणालो हे खरं आहे. कट लागला का, ते विचारतोय."

"मला विचारतोस? हात तुझा होता."

 त्याला उठून जाता आलं असतं, पण गेला नाही.

"राग येईल तुला," तो म्हणाला. "पण सांगतो. तुला परत जायचं नाही. आज गुरुवार ठरला आणि आजच तुला हा स्क्रू आठवला. शनिवारी का नाही आठवला? रविवारी का नाही? तुझं डोकं थांबायला निमित्त काढतंय, भालबा."

सकाळपासून मी स्वतःला हेच विचारत होतो. जो संशय घरी जायच्या विचाराला चिकटून येतो, त्याला संशय म्हणायचं की भीती? ऐंशी माणसं, एक रॉकेट, त्याच्यावरचा कित्येक जणांच्या पाच वर्षांच्या कामाचा उपग्रह, हे सगळं मी माझ्या एका कोचापायी दहा दिवस लांबवायचं का?

"आणि मॅडमकडं गेलास तर पुढं काय होईल ते माहीत आहे ना," परशराम म्हणाला. "रॉकेट राहील इथं. गाडी तुझी निघेल."

तो हे मला अडवायला म्हणाला. पण त्याच्या ह्याच बोलण्यानं माझं ठरलं. बोललो तर मला घरी पाठवणार, तेही सहा महिने. मग ही शंका घरी न जाण्यासाठी काढलेली कशी असेल? घरी जायचं टाळायचंच असतं, तर गप्प बसणं सोयीचं होतं. गुरुवारी उडालं असतं, माझं नाव चांगलं राहिलं असतं, आणि महिन्याभरात पुढच्या उपग्रहाचं काम लागलं असतं. मी चपला घातल्या आणि छत्री न घेताच निघालो.

कुरियन मॅडम ऑफिसात गुरुवारचं वेळापत्रक लिहीत होत्या. मी दारातच सांगितलं, सहाव्या स्क्रूची मला खात्री नाही. आमच्यात एक नियम होता. खात्री नाही असं कुणीही म्हटलं, अगदी झाडू मारणाऱ्यानं, तर काम थांबवायचं आणि त्याला का म्हणून विचारायचं नाही. विचारायला लागलं की माणसं सांगायची बंद होतात. मॅडमनी पेन खाली ठेवलं. खिडकी उघडायची म्हणजे कोरड्या हवेची सोय परत लावायची, प्लास्टिकचा तंबू परत उभा करायचा. एक अख्खा दिवस, आणि काउंटडाऊन तर बुधवारीच सुरू व्हायला हवा होता. म्हणजे गुरुवार गेला. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "नियमानं मी विचारू शकत नाही. नाही सांगितलंत तरी खिडकी उघडणार आहे. पण सांगावंसं वाटलं तर सांगा."

मी बसलो नाही. कपडे ओले होते. म्हणालो, "मॅडम, आम्ही घरातून बाहेर पडताना माझी बायको विचारायची, गॅस बंद केलात का. मी हो म्हणायचो. मग ती परत आत जाऊन स्वतः बघून यायची. रोज. मी कधी बघून हो म्हणायचो, कधी न बघता. बावीस वर्षांत किती वेळा तो खरंच बंद होता ते मला माहीत नाही. तिला माहीत असेल."

त्यांनी वेळापत्रकाचा कागद बाजूला सारला.

"शुक्रवारी मी झालं म्हणालो, ते तसं म्हणालो असेन," मी म्हणालो. "मागून कुणी बघून येईल असं."

मॅडमनी फोन उचलला आणि रॉकेटकडच्या लोकांना खिडकी उघडायला सांगितलं. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. त्या फक्त हो, हो म्हणत राहिल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. फोन ठेवून मला म्हणाल्या, उद्या पाना हुंदरे धरतील. तुम्ही उजेडासाठी टॉर्च धरून बाजूला उभे राहायचं, कशाला हात लावायचा नाही. काय निघतं ते बघू आणि मग तुमचं ठरवू.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडं झाली. नाव सांगितलं नव्हतं, तरी कळायचं ते कळलंच. कँटीनमध्ये मी बसलो त्या टेबलावर लोक माझ्याशी चांगलं वागले. चटणी पुढं केली, आणखी भात हवा का विचारलं. एकानंही ब्र काढला नाही. तेव्हा मला वाटलं, कुणीतरी रागवायला हवं. घरात रागवणारं माणूस गेलं की माणूस किती नीटनेटका एकटा पडतो, ते मला त्या टेबलावर कळलं.

बुधवारी आम्ही लिफ्टनं वर गेलो. रॉकेटभोवती उंच लोखंडी मनोरा असतो, त्याच्या वरच्या मजल्यावर काम. बाहेरून पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आत पंखे. सगळे पांढऱ्या झग्यात, तोंडाला मास्क, नुसते डोळे दिसत होते. खिडकी उघडली. तपासणीचा माणूस परशरामच्या पाठीमागं, यादी घेऊन. मॅडम त्याच्या मागं. मी उजव्या बाजूला टॉर्च धरून उभा, कठड्याला लागून. तेवढीच जागा होती.

घट्ट असलेल्या स्क्रूवर पाना लावला तर तो फिरत नाही, लगेच कट देतो. ढिला असेल तर आधी फिरतो आणि मग कट देतो. म्हणून आवळणं आणि तपासणं एकाच झटक्यात होतं.

"एक," तपासणीचा माणूस म्हणाला.

"बसलेला," परशराम म्हणाला.

दोन. बसलेला. तीन. बसलेला. त्याचा हात कोपरापर्यंत आत होता. मागच्यांना त्याची पाठ दिसत होती. मला बाजूनं कोपर दिसत होतं. प्रत्येक वेळी दंड जरा ताठ व्हायचा आणि सैल पडायचा. कोपर जागचं हलत नव्हतं. चार. पाच.

"सहा."

परशरामचा दंड ताठ झाला. आणि कोपर खाली आलं. बोटभर. मग थांबलं.

"बसलेला," तो म्हणाला. आवाज तोच.

मी त्याच्या डोळ्यांकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तपासणीच्या माणसानं खूण केली. सात. बसलेला. आठ. बसलेला. परशरामनं हात बाहेर काढला, बोटं दोन-तीनदा उघडझाप केली आणि पाना ट्रेमध्ये ठेवला.

हे मी आजवर कुठं बोललो नाही. परशराम गेल्या वर्षी गेला. आता त्याच्यावर कसली कारवाई होणार नाही, म्हणून लिहितोय.

खाली आल्यावर मॅडमनी मला बाजूला घेतलं. त्या थकल्या होत्या, पण चेहऱ्यावर राग नव्हता. म्हणाल्या, "आठही बरोबर होते. ढोबळे, तुम्ही विचारलंत ते बरोबर केलंत, आणि तुमचा हातही बरोबर होता. आता स्वतःला खाऊ नका. कुठं जायचं नाही. मला तुम्ही इथं हवे आहात."

सात आठवड्यांत मला कुणी हवे आहात असं म्हटलं नव्हतं. मी मान हलवली.

खोलीत परशराम पलंगावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. गाठ ओली होऊन बसली होती, सुटत नव्हती. मी दार लावलं.

"परशा, सहाव्याला तुझं कोपर हललं."

"थंडीनं हललं असेल."

"किती फिरला?"

तो नाडीशी झटत राहिला. मान वर न करता म्हणाला, "पाव फेरा. कमीच. आता बसलाय ना? मग झालं की."

मी म्हणालो, हे लिहायला लागेल. तो म्हणाला, काय लिहिणार? हुंदरेनं खोटी खूण करवली म्हणून? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आता सांगितलं असतं तर माझं जे व्हायचं ते झालं असतं, पण त्याची नोकरीच गेली असती. माझ्या हातून झाला तो निष्काळजीपणा. त्यानं केलं ते खोटं. आमच्याकडं निष्काळजीपणाला माफी होती, खोट्याला नव्हती. त्याला दोन मुली होत्या, दोघी शाळेत.

"कशाला केलंस तू हे?" मी विचारलं. "काल तर म्हणत होतास, माझं डोकं निमित्त काढतंय."

"काल मला तसंच वाटलं होतं." त्यानं बूट तसाच ओढून काढला. "आज हाताला लागलं ते वेगळं होतं. तू खरं बोललास. मग खरं बोलल्याबद्दल तुला सहा महिने घरी बसवायचं? घरी जाऊन काय करणार होतास तू?"

घराबद्दल मी त्याला कधी एक शब्द बोललो नव्हतो. इतके दिवस शेजारच्या पलंगावर तो घोरत होता, आणि मी समजत होतो त्याला काही ठाऊक नाही.

गुरुवारी सकाळी सहाला लख्ख उजाडलं. वारा नाही, ढग नाही. वेंकटरत्नमचा अंदाज मिनिटाला बरोबर ठरला होता. नाश्ता झाल्यावर माणसं कँटीनबाहेर हिरवळीवर उभी राहून वर बघत होती. आभाळाकडं इतक्या उदास तोंडानं बघणारी माणसं मी कधी पाहिली नाहीत. मी मधून चालत गेलो तर वाट करून दिली. समुद्राच्या बाजूला दूर तो मनोरा दिसत होता, आत रॉकेट, रॉकेटच्या टोकाला आमचा उपग्रह, त्याचे आठही स्क्रू घट्ट.

मी तिथं बराच वेळ उभा होतो. माझी शंका खरी होती, म्हणजे मी खोटा नव्हतो. हे एक. पण मग हेही खरं होतं, की शुक्रवारी माझा हात माझ्याशिवाय काम करत होता आणि माझं तोंड माझ्याशिवाय झालं म्हणत होतं. हे आता दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकानं ते माझ्यासाठी पुसलं होतं. मॅडमना माहीत नव्हतं. त्या मला पुन्हा पाना देणार होत्या. पुढच्या वेळी कट लागला नाही आणि मला शंकाही आली नाही, तर?

अकरा वाजले. आभाळ तसंच मोकळं. मी ऑफिसात गेलो आणि रजा मागितली.

मॅडमना वाटलं, लोकांच्या वागण्यामुळं मी दुखावलोय. त्या म्हणाल्या, दोन दिवसांत सगळे विसरतील. मी म्हणालो, तसं नाही. मला काही महिने पाना धरायचा नाही. परत आलो की यादी वाचीन, ट्रे धुवीन, सांगाल ते करीन. पण पाना नको.

"पण स्क्रू बसलेले होते," त्या म्हणाल्या.

"होय मॅडम."

"मग?"

त्या डोळ्याला डोळा भिडवून बघत होत्या. मला वाटतं त्यांना काहीतरी कळलं असावं. त्या हुशार बाई होत्या. पण त्यांनी पुढं विचारलं नाही. का म्हणून विचारायचं नाही हा नियम त्यांनी मला दुसऱ्यांदा लावला.

"घरी कोण आहे?" त्यांनी एवढंच विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो. प्रमिला गेल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा तोंडानं म्हटलं.

त्यांनी अर्जावर सही केली.

परशराम फार चिडला. त्याचं चिडणं मला बरं वाटलं, हे त्याला सांगितलं नाही. तो म्हणाला, मी मान कापून ठेवली तुझ्यासाठी आणि तू त्याच गाडीनं निघालास, मग मी काय गंमत म्हणून खोटं बोललो? खुळा आहेस तू, नुसता खुळा. मी बॅग भरत राहिलो. तुझं नाव कुठं घेणार नाही, म्हणालो. तो म्हणाला, नाव घे नाहीतर काहीही कर, आणि बाहेर निघून गेला. बसपाशी तो आला नाही. बस पुलावर आली तेव्हा पुन्हा ढग यायला लागले होते.

बंगळूरला पोचलो तेव्हा सकाळ होती. जिना चढलो आणि किल्लीनं दार उघडलं. आत कोंदट वास होता. सगळ्या खिडक्या उघडल्या. दुपारी आतल्या खोलीतल्या पलंगावरची चादर बदलली आणि तिथं आडवा झालो. झोप आली नाही, पण उठलोही नाही. तिसऱ्या दिवशी तिचं कपाट उघडलं. पाचव्या दिवशी समोरच्या बाईंना विचारून तिच्या साड्या त्यांच्या ओळखीच्या आश्रमात दिल्या, दोन ठेवल्या. मधल्या दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही. ते जायला फार वेळ लागला एवढंच.

दहाव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला फोन वाजला. हा फोन तिच्या आजारपणात घेतला होता. ती गेल्यापासून तो फारसा वाजत नसे, त्यामुळं मी दचकलो. पलीकडं परशराम होता. त्याच्या मागं माणसांचा कल्लोळ चालला होता, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

"गेलं," तो म्हणाला. "वेळेवर गेलं. पॅनेल उघडली, बॅटरी चालू, सगळं ठीक."

मी बरं झालं म्हणालो.  त्याच्या बाजूला कुणीतरी त्याला पेढा भरवत असावं, तोंड भरल्याचा आवाज आला. मला वाटलं ठेवेल आता. ठेवला नाही.

"काय करतोयस?" त्यानं विचारलं.

"घरी आहे."

"ते कळतंय की. घरचाच नंबर फिरवलाय. करतोयस काय, ते विचारतोय."

मी खोलीकडं बघितलं.

"तेच," मी म्हणालो. "घरी आहे."